दगडांना बोटांचे ठसे असतात का?

सुदूर संवेदनावरचा कोणताही लेख उघडा. पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत एक वाक्य हमखास भेटते : प्रत्येक खनिजाचा अवरक्त वर्णपट म्हणजे त्या खनिजाच्या बोटाचा ठसा. ठसा जुळला की चोर सापडतो, तसा वर्णपट जुळला की खनिज सापडते. मग ते खनिज टेबलावर असो की कोट्यवधी किलोमीटर दूर असो. हे वाक्य आम्ही स्वतः व्याख्यानांत अनेकदा वापरले आहे. आज त्याच वाक्याची तपासणी करायची आहे.

निमित्त घडले ते एका शिक्षक शिबिरात. आमचे भाषण संपल्यावर मागच्या रांगेतले एक शिक्षक उठले आणि म्हणाले, "सर, आमच्या गावात एक गृहस्थ उपग्रहाचा रंगीत नकाशा घेऊन आले होते. निळा रंग म्हणजे पाणी, लाल म्हणजे कातळ, असे सांगून त्यांनी तिघांना बोअरच्या जागा दाखवल्या आणि पैसे घेतले. तिन्ही बोअर कोरड्या गेल्या. तुम्हीही आता तेच सांगितलेत की उपग्रहाला दगड ओळखता येतो. मग त्यांचे चुकले कुठे?"

त्या गृहस्थांनी फसवले, असे म्हणून आम्हाला सुटता आले असते. पण प्रश्न रास्त होता. 'बोटाचा ठसा' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात खात्री तयार होते, आणि ती खात्री आम्हीच पुरवली होती. त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर इथे सविस्तर देत आहोत.

पद्धत खरी आहे, हे आधी मान्य करू

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या वर्णपटात तापमापी ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. हेच अवरक्त किरण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील विल्यम कोब्लेंट्झ यांनी शेकडो पदार्थांवर हे किरण टाकून कोणता पदार्थ कोणती तरंगलांबी गिळतो हे मोजले. त्यांत खनिजेही होती. प्रत्येकाची गिळण्याची तऱ्हा निराळी निघाली.

असे का व्हावे? खनिजातले अणू एकमेकांना स्प्रिंगने जोडल्यासारखे असतात. स्प्रिंग किती ताठ आणि तिला टांगलेले वजन किती, यावर तिच्या कंपनाचा वेग ठरतो. बहुतेक खडकांचा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या बंधांचा असतो, आणि या बंधांची मुख्य कंपने ८ ते १२ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात येतात. क्वार्ट्झमध्ये सिलिकाचे चौफलक चारही कोपऱ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. त्याचा पट्टा ९ मायक्रोमीटरच्या जवळ पडतो. ऑलिविनमध्ये हे चौफलक सुटे असतात. त्याचा पट्टा सरकून ११ च्या आसपास येतो. कॅल्साइटमधला कार्बोनेटचा गट ७ मायक्रोमीटरजवळ आपली खूण ठेवतो. शिवाय २.२ मायक्रोमीटरजवळ चिकणमातीच्या खनिजांतला ॲल्युमिनियम आणि हायड्रॉक्सिल यांचा जोड ओळखू येतो, तर १ आणि २ मायक्रोमीटरजवळ पायरॉक्सिनमधले लोह.

यांतले ३ मायक्रोमीटरच्या अलीकडचे पट्टे आपण परावर्तित सूर्यप्रकाशात पाहतो. ८ ते १२ मायक्रोमीटरचे किरण मात्र खडक स्वतःच बाहेर टाकतो. साध्या हवेच्या तापमानाच्या वस्तूचे प्रारण सुमारे १० मायक्रोमीटरला सर्वाधिक असते. म्हणजे रात्रीच्या काळोखातही दगड आपली ओळख सांगत असतोच.

या ज्ञानाचा उपयोगही झाला आहे. लँडसॅट उपग्रहावरच्या 'थिमॅटिक मॅपर' या उपकरणाचा सातवा पट्टा २.०८ ते २.३५ मायक्रोमीटरचा होता, सहावा मात्र १०.४ ते १२.५ चा. हा क्रम उलटा का, असे विद्यार्थी विचारतात. कारण साधे आहे. आराखडा ठरत आल्यावर भूवैज्ञानिकांनी चिकणमाती आणि कार्बोनेट ओळखण्यासाठी एक जादा पट्टा मागून घेतला, आणि तो यादीच्या शेवटी जोडला गेला. १९८२ साली लँडसॅट ४ वर तो प्रथम अवकाशात गेला.

तेव्हा अवरक्त वर्णपट खोटे बोलतो असा आमचा आक्षेप नाही. तो अगदी थोडे बोलतो, आणि बाकीचे वाक्य आपण पूर्ण करतो, हा आमचा मुद्दा आहे.

ठशाची उपमा कुठे तुटते

बोटाचा ठसा तापमानाने बदलत नाही. एका बोटात दुसऱ्या माणसाचे बोट मिसळत नाही. खनिजाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी होतात, आणि आणखीही बऱ्याच.

पहिली गोष्ट खोलीची. ८ ते १२ मायक्रोमीटरचे जे किरण उपग्रहापर्यंत पोचतात ते खडकाच्या वरच्या, साधारण केसाच्या जाडीइतक्या थरातून निघालेले असतात. दगडावर धुळीचा पातळ थर बसला की वर्णपट धुळीचा येतो, दगडाचा नव्हे. शेतात दोनशे फुटांखाली काय आहे हे या प्रकाशाला दिसण्याचा प्रश्नच नाही. जमिनीखालच्या पाण्याच्या शोधात उपग्रहाच्या चित्रांचा उपयोग होतो, पण तो वेगळ्या वाटेने. खडकातल्या लांबच लांब भेगा, डाइक, ओढ्यांची वळणे आणि उन्हाळ्यातही हिरवी राहणारी झाडी यांवरून भूवैज्ञानिक अंदाज बांधतो आणि मग जागेवर जाऊन तपासतो. नकाशातला निळा रंग हा पाण्याचा रंग नसतो. संगणकावर बसलेल्या माणसाने एखाद्या आकड्याला दिलेला तो रंग असतो.

दुसरी गोष्ट कणांच्या आकाराची. खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो, पिठीसाखर पांढरी शुभ्र. मोरचुदाचा स्फटिक गडद निळा, तो खलात कुटला की पूड फिकट. पदार्थ तोच, रूप वेगळे. अवरक्त प्रकाशातही असेच होते. खडक अखंड असताना जो पट्टा ठळक दिसतो तो पूड झाल्यावर उथळ होतो, कधी त्याचा आकारच बदलतो.

तिसरी गोष्ट मिश्रणाची. खडक म्हणजे खनिजांचे मिश्रण, आणि उपग्रहाचा एक चित्रबिंदू म्हणजे अनेक खडक, माती, गवत आणि सावल्या यांचे मिश्रण. बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन दुरून पाहिले तर दोन्हींची सरासरी दिसते. पण पांढऱ्या रांगोळीत कोळशाची चिमूटभर पूड नीट मिसळून पाहा. वजनाच्या मानाने रंग फारच काळवंडतो. परावर्तित प्रकाशात थोडेसे काळे खनिज पुष्कळशा पांढऱ्या खनिजाला झाकून टाकते. तेव्हा पट्टा नाही म्हणजे खनिज नाही, असे म्हणता येत नाही.

चौथी गोष्ट मधल्या हवेची. पृथ्वीच्या वातावरणातली वाफ १.४ आणि १.९ मायक्रोमीटरजवळचा प्रकाश जवळजवळ पूर्ण गिळते; ओझोन ९.६ जवळ खोडा घालतो. पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांच्या मोठ्या खुणा नेमक्या १.४ आणि १.९ लाच असतात, म्हणून पृथ्वीवर त्यांचा उपयोग उपग्रहाला जवळपास होत नाही.

पाठ्यपुस्तकांतली नमुनेदार चित्रे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेतील नेवाडा राज्यातला क्यूप्राइट हा भाग या विषयाची जणू प्रयोगशाळाच झाला आहे. ॲव्हिरिस या विमानावरच्या २२४ पट्ट्यांच्या उपकरणाने तिथे केओलिनाइट, ॲल्युनाइट अशी खनिजे सुंदर वेगळी केली. पण क्यूप्राइट वाळवंटात आहे. तिथे खडक उघडा आहे, झाडी जवळपास नाही. कोकणातल्या डोंगरावर किंवा काळ्या मातीच्या शेतावर तेच यश मिळेल, असे त्या चित्रावरून समजणे म्हणजे ऐन उन्हाळ्यातली नदी पाहून पावसाळ्यात पाय घालण्यासारखे आहे.

मंगळावरची झाडे

या मर्यादा केवळ नवशिक्यांना नडतात असे नाही. १९५७ साली विल्यम सिंटन या खगोलशास्त्रज्ञाने मंगळावर वनस्पती असल्याचा वर्णपटीय पुरावा मिळाला, असे प्रसिद्ध केले. सेंद्रिय पदार्थांतल्या कार्बन-हायड्रोजन बंधाचा पट्टा ३.४ मायक्रोमीटरच्या आसपास असतो. मंगळाच्या प्रकाशात त्यांना ३.४ ते ३.७ मायक्रोमीटरच्या दरम्यान काही पट्टे दिसले. पुढच्या वर्षी त्यांनी पालोमार पर्वतावरच्या २०० इंची दुर्बिणीने पुन्हा पाहिले, आणि १९५९ साली आणखी पुरावा म्हणून दुसरा निबंध आला. मंगळाचे काळपट भाग ऋतुमानाप्रमाणे गडद-फिके होतात हे तेव्हा माहीत होतेच. दोन्ही गोष्टी एकमेकींना छान जुळल्या.

१९६५ साली उलगडा झाला. मुख्य पट्टे जड हायड्रोजनयुक्त पाण्याच्या वाफेचे होते, आणि ती वाफ मंगळावरची नसून आपल्याच वातावरणातली होती. मंगळाच्या दिशेने पाहताना जेवढी हवा आड येत होती, तिचा हिशेब नीट वजा झाला नव्हता. हे दाखवणाऱ्या निबंधाच्या तीन लेखकांत स्वतः सिंटनही होते. ही गोष्ट आम्हाला विशेष मोलाची वाटते. विद्यार्थ्यांना 'वैज्ञानिक वृत्ती' हा शब्द समजावताना व्याख्येऐवजी हे उदाहरण द्यावे.

आम्हाला सिंटन यांना हसण्याचा अधिकार नाही. प्रयोगशाळेत उपकरणाचे झाकण उघडून नमुना ठेवताना आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आत जातो आणि ४.३ मायक्रोमीटरजवळ टोकदार पट्टा उमटतो. उमेदवारीच्या काळात आम्ही असा पट्टा खनिजाचा समजून त्यावर एक दुपार घालवली होती.

हेमॅटाइट : जिथे ओळख बरोबर ठरली

टीका करताना यशाचे उदाहरण लपवणे बरे नव्हे. 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर' हे यान १९९७ साली मंगळाच्या कक्षेत पोचले. त्यावरचा वर्णपटमापक साधारण ६ ते ५० मायक्रोमीटरच्या दरम्यानचे, मंगळाने स्वतः बाहेर टाकलेले किरण मोजत होता. विषुववृत्ताजवळच्या मेरिडियानी या सपाट भागात, शेकडो किलोमीटरच्या टापूत, १८, २३ आणि ३३ मायक्रोमीटरच्या आसपास तीन खुणा एकत्र आढळल्या. त्या हेमॅटाइटच्या होत्या, आणि तोही मंगळाला लाल रंग देणाऱ्या बारीक धुळीतला नव्हे, तर करड्या, मोठ्या स्फटिकांचा.

हे वर्गात दाखवता येते. गोव्याच्या खाणींतल्या लोहखनिजात हेमॅटाइट मुबलक असते, आणि शाळांच्या खनिज-पेटीतही त्याचा तुकडा बहुधा असतो. करडा, चकाकणारा तुकडा घेऊन तो फरशीच्या खडबडीत मागच्या बाजूवर ओढा. रेघ गेरूसारखी तांबडी उमटते. करडा खडा आणि तांबडी पूड एकच खनिज. कणांचा आकार वर्णपट बदलतो, हे आपण वर अडचण म्हणून सांगितले. इथे त्याच गोष्टीने जादा माहिती दिली.

करडे हेमॅटाइट पाण्यातून साचून तयार होऊ शकते. पण ते तप्त लाव्ह्यातल्या मॅग्नेटाइटच्या ऑक्सिडीकरणानेही होऊ शकते. शोधकांनी दोन्ही शक्यता मांडल्या आणि पाण्याकडे आपला कल असल्याचे सांगितले. निवाडा करायला 'ऑपॉर्च्युनिटी' ही गाडी जानेवारी २००४ मध्ये तिथे उतरली. हेमॅटाइट होते. पण ते सलग थरांत नव्हते, तर काही मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यांच्या रूपात जमिनीवर विखुरलेले होते. खडकात झिरपणाऱ्या पाण्यामुळे या गोळ्या वाढल्या, खडक झिजला आणि त्या मागे उरल्या. गोळ्यांचे रूप कक्षेतून कोणी ओळखले नव्हते, ओळखता येणारही नव्हते. वर्णपटाने 'काय' हे सांगितले. 'कसे' हे कळायला जमिनीवर उतरावे लागले.

याच महिन्यात 'स्पिरिट' ही जुळी गाडी गुसेव्ह विवरात उतरली होती. ती जागा निवडली होती विवराच्या आकारावरून, कारण एका मोठ्या कोरड्या दरीचे मुख त्यात उघडत होते आणि जुन्या सरोवराचा गाळ मिळेल अशी आशा होती. उतरल्या जागी मिळाला तो ऑलिविनयुक्त बसाल्ट. दोन गाड्यांची ही तुलना अवरक्त पद्धतीच्या बाजूने जाते, आणि ती आम्ही आनंदाने नोंदवतो.

एक वर्णपट, दोन खडक

त्याच उपकरणाच्या दुसऱ्या निष्कर्षाची कथा वेगळी आहे. २००० साली संशोधकांनी मंगळाच्या पृष्ठभागाचे ढोबळ दोन प्रकार केले. दक्षिणेकडच्या उंच प्रदेशाचा वर्णपट आपल्या दख्खनच्या पठारासारख्या बसाल्टशी जुळला. उत्तरेकडच्या सखल मैदानांचा जुळला अँडेसाइटशी, म्हणजे अधिक सिलिका असलेल्या लाव्ह्याशी. हा साधा नावाचा प्रश्न नव्हता. पृथ्वीवर अँडेसाइट मुख्यतः तिथे आढळतो जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो आणि आपल्याबरोबर पाणी खाली नेतो. मंगळाचा अर्धा भाग अँडेसाइटचा असेल, तर मंगळाच्या पोटातला इतिहासच वेगळा लिहावा लागेल.

दोन वर्षांनी, २००२ साली, दुसरा निबंध आला. त्याच्या लेखकांनी दाखवले की हाच वर्णपट झिजलेल्या, अंशतः चिकणमातीत बदललेल्या बसाल्टनेही तितकाच चांगला जुळतो. अँडेसाइटच्या हिशेबात जी सिलिकायुक्त काच धरली होती, तिचा पट्टा आणि काही मृत्तिका-खनिजांचा पट्टा या तरंगलांबीत जवळजवळ सारखे दिसतात. म्हणजे एका बाजूला आगीतून निघालेला नवा खडक आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने कुजवलेला जुना खडक, आणि वर्णपट एकच. पुढे दुसऱ्या तरंगलांबीत पाहिल्यावर स्फटिकरूप नसलेल्या, झिजलेल्या काचेचा तिसरा पर्यायही पुढे आला.

इथे ओळख पटवण्याची रीत समजून घ्यावी. संगणकाजवळ शुद्ध खनिजांच्या वर्णपटांचा संग्रह असतो. मोजलेला वर्णपट त्यांपैकी कोणत्या खनिजांच्या किती-किती प्रमाणातल्या बेरजेने सर्वांत जवळ येतो, ते तो काढतो. उत्तर नेहमी येतेच. संग्रहात नसलेले खनिज मात्र त्या उत्तरात येऊ शकत नाही. ज्याने फक्त तूरडाळ आणि मूगडाळ चाखली आहे, त्याला मसूरडाळीची आमटी दिली तर तो 'थोडी तूर, बरीच मूग' असेच सांगणार. त्याची जीभ चुकीची नाही, त्याची यादी अपुरी आहे.

चंद्रावरचे पाणी : आपल्या घरची गोष्ट

२२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चंद्रयान-१ वर नासाचे 'मून मिनरॉलॉजी मॅपर' हे उपकरण होते. सप्टेंबर २००९ मध्ये त्याच्या मोजमापांवरून चंद्राच्या मातीत २.८ ते ३ मायक्रोमीटरच्या दरम्यान शोषण असल्याचे जाहीर झाले. आणखी दोन यानांच्या नोंदींनी त्याला दुजोरा दिला. हा शोध मोठा होता आणि आजही मोठा आहे. आपल्याकडे मात्र त्याचे एका वाक्यात रूपांतर झाले : चंद्रावर पाणी सापडले.

निबंधात काय होते? या पट्ट्यावरून हायड्रॉक्सिल आहे, किंवा पाणी आहे, किंवा दोन्ही आहेत, इतकेच म्हणता येते. हायड्रॉक्सिल म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांची जोडी, खनिजाला चिकटलेली. ते पिण्याचे पाणी नव्हे. ३ मायक्रोमीटरजवळ दोघांच्या खुणा एकमेकींत मिसळतात, आणि उपकरणाची धाव ३ मायक्रोमीटरलाच संपत होती. पट्ट्याचा पुढचा भाग कधी मोजलाच गेला नाही.

आणखी एक अडचण होती. चंद्रावर भर दुपारी जमीन १०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. तापलेली जमीन २ मायक्रोमीटरच्या पुढे स्वतःचे किरण मिसळू लागते आणि शोषणाचा खड्डा भरून टाकते. ही भर किती, हे गणिताने वजा करावे लागते. ध्रुवांकडे खूण ठळक आणि विषुववृत्ताकडे पुसट, असे पहिल्या नकाशांत दिसले होते. तो खरा फरक की वजाबाकीचा परिणाम? २०१८ साली वेगळ्या रीतीने वजाबाकी करून काढलेल्या नकाशात खूण सर्व अक्षांशांवर आणि दिवसाच्या सर्व वेळी जवळपास सारखी आढळली. मोजमाप तेच, निष्कर्ष वेगळा.

पाणी आणि हायड्रॉक्सिल यांना वेगळे करायचे तर ६ मायक्रोमीटरजवळ पाहायला हवे. तिथली खूण पाण्याच्या पूर्ण रेणूची असते, नुसत्या हायड्रॉक्सिलची नव्हे. विमानातून नेलेल्या 'सोफिया' या दुर्बिणीने ते काम केले, आणि २०२० साली क्लेव्हियस विवराच्या परिसरात दशलक्ष भागांत सुमारे १०० ते ४१२ भाग पाणी असल्याचे प्रसिद्ध झाले. २०१९ साली निघालेल्या चंद्रयान-२ वरच्या वर्णपटमापकाची धाव ५ मायक्रोमीटरपर्यंत ठेवली गेली. ३ मायक्रोमीटरचा पट्टा पुरता मोजता यावा आणि उष्णतेचा हिशेबही नीट व्हावा, हा त्यातला हेतू. म्हणजे २००९ च्या बातमीतले वाक्य रेणूच्या पातळीवर खरे म्हणायला अकरा वर्षे आणि दुसरे उपकरण लागले. हीच कथा रोमहर्षक आहे. पण 'सापडले' हा शब्द आधीच वापरून टाकल्यामुळे ती सांगायला जागाच उरली नाही.

ओल्या रेघांची बातमी

शेवटचे उदाहरण आम्हाला सर्वांत बोचरे वाटते. मंगळाच्या काही उतारांवर उन्हाळ्यात काळपट रेघा लांबत जातात आणि नंतर फिकट होतात. सप्टेंबर २०१५ मध्ये या रेघांच्या जागी पाणी धरणारी पर्क्लोरेट क्षारे असल्याचा निबंध आला आणि आज मंगळावर द्रव पाणी वाहते याचा पुरावा पक्का झाल्याची घोषणा झाली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती पहिल्या पानावर छापली.

रेघांची रुंदी बहुधा अर्धा ते पाच मीटर. वर्णपटमापकाचा एक चित्रबिंदू सुमारे १८ मीटरचा. म्हणजे एका बिंदूत रेघ थोडी आणि बाकीचा डोंगर जास्त. मोजमाप फार नाजूक होते आणि आधार होता तो १.९ आणि २.१ मायक्रोमीटरजवळच्या बारीक खळग्यांचा. २०१७ साली उतारांचा अभ्यास करून दुसऱ्या गटाने दाखवले की या रेघा जिथे संपतात तिथला उतार कोरडी वाळू घसरायची थांबते त्या कोनाशी जुळतो. २०१८ साली त्याहून मूलभूत गोष्ट उघड झाली. वर्णपटातला गोंगाट काढण्यासाठी वापरलेली गणिती गाळणीच, जिथे प्रकाश-छाया एकदम बदलते अशा ठिकाणी, १.९ आणि २.१ जवळ खोटे खळगे तयार करू शकत होती. म्हणजे जिथे शोध घ्यायचा नेमका तिथेच खूण उमटवून ठेवण्याची सोय आपल्याच आज्ञावलीत होती.

मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट आहे, यात शंका नाही. २००८ साली 'फिनिक्स' यानाने माती पाण्यात कालवून ते रासायनिक रीतीने दाखवले आहे. पण त्या रेघांत ते आहे, याचा कक्षेतून मिळालेला पुरावा डळमळीत झाला. २०१८ ची दुरुस्ती किती वर्तमानपत्रांनी छापली? आम्हाला पहिल्या पानावर ती कुठेही दिसली नाही.

आमचा आक्षेप कोणावर

या संशोधकांवर नाही. मूळ निबंधांतून 'शक्य आहे', 'याच्याशी सुसंगत आहे', 'दुसरा पर्याय नाकारता येत नाही' असे शब्द सापडतात, आणि चुका त्याच क्षेत्रातल्या माणसांनी शोधल्या. आक्षेप आहे तो आमच्यासारख्यांवर, जे हे ज्ञान खाली पोचवतात. निबंधातले 'सुसंगत' घोषणेत 'पुरावा' होते, बातमीत 'शोध' होते, आमच्या व्याख्यानात 'ठसा' होते, आणि गावात पोचेपर्यंत त्याचा 'निळा ठिपका' होतो. प्रत्येक पायरीवर थोडीशी शंका गळते. खोटे कोणीच बोललेले नसते, फक्त शेवटच्या माणसाने बोअरचे पैसे भरलेले असतात.

मग वर्गात काय सांगावे? ठशाऐवजी आवाजाची उपमा वापरावी, असे आम्ही सुचवतो. गजबजलेल्या बाजारात ओळखीचा आवाज ऐकू आला की आपण मान वळवतो. बहुतेक वेळा माणूस तोच असतो. पण गोंगाट फार असेल, घसा बसलेला असेल, किंवा भावाचाही आवाज तसाच असेल, तर आपण फसतो. म्हणून आवाज ऐकल्यावर आपण तोंड पाहायला जातो. अवरक्त वर्णपट म्हणजे असा दुरून आलेला आवाज. तो कोणत्या दिशेला चालावे हे सांगतो, आणि मेरिडियानीसारख्या ठिकाणी ते फार नेमके सांगतो.

उपग्रहाने अमुक शोधले अशी बातमी वर्गात आली की विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारायला शिकवावे. कोणत्या तरंगलांबीत पाहिले, आणि तिथे दुसरे कोणते पदार्थ तशीच खूण देतात? एका चित्रबिंदूत किती जमीन मावते, आणि शोधलेली वस्तू केवढी आहे? मधली हवा, उष्णता आणि उपकरणाचा गोंगाट कसा वजा केला? जागेवर जाऊन कोणी तपासले का? सगळी उत्तरे बातमीत मिळणार नाहीत. कोणते उत्तर नाही, हे कळणेही पुरेसे असते.

सोबत तीन प्रयोग करून घ्यावेत. यंत्र लागत नाही. मोरचूद कुटून कणांचा परिणाम पाहावा, मात्र ते विषारी असल्याने शिक्षकांनी स्वतः कुटावे आणि नंतर हात धुवावेत. रांगोळीत मोजून कोळसा मिसळून मिश्रणाचा परिणाम पाहावा. आणि काळ्या बसाल्टच्या तुकड्यावर गेरूची पूड चाळणीने थोडी थोडी टाकत, किती पूड पडल्यावर दगड 'ओळखू येईनासा' होतो, ते वजन करून लिहून ठेवावे. तिसऱ्या प्रयोगाचे आकडे मुलांना चकित करतात.

त्या शिक्षकांना आम्ही आज असे उत्तर देऊ : तुमच्या गावच्या गृहस्थांकडचे चित्र कदाचित खरे असेल. पण ते जमिनीच्या कातडीचे चित्र होते, रंग त्यांनी दिलेले होते, आणि जागेवर भूवैज्ञानिकाने तपासणी केलेली नव्हती. पुढच्या वेळी कोणी असा नकाशा घेऊन आले तर वरच्या चार प्रश्नांपासून सुरुवात करा, आणि चौथ्याचे उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.